पवित्र मरियेचे घर : ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयाची सातशे वर्षे

ऑक्सफर्डमधील ज्या विद्यालयाला जग ‘ओरिएल कॉलेज’ म्हणून ओळखते, त्याचे कागदोपत्री नाव आजही निराळे आहे. ऑक्सफर्ड येथील धन्य कुमारी मरियेचे घर, सामान्यतः ओरिएल म्हणून परिचित, इंग्लंडचे एके काळचे कीर्तिमंत राजे दुसरे एडवर्ड यांनी स्थापिलेले, असे ते लांबलचक नाव आहे. २१ जानेवारी १३२६ रोजी त्याला राजाची सनद मिळाली. म्हणजे २०२६ साली त्या घटनेला सात शतके झाली. एवढ्या काळात इंग्लंडचा धर्म पालटला, एका राजाचा शिरच्छेद झाला, साम्राज्य उभे राहिले आणि मावळले. परंतु मरियेचे नाव त्या दस्तऐवजातून कोणी पुसले नाही. घर मात्र वेळोवेळी पालटत गेले. या घरातील दोन फेलो पुढे कॅथलिक ख्रिस्तसभेचे कार्डिनल झाले, आणि दोघांवरही हे घर सोडण्याची पाळी आली. त्यांतील दुसऱ्यांना आपण आज संत जॉन हेन्री न्यूमन म्हणतो. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्यपद बहाल केले आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या जोडीने त्यांना कॅथलिक शिक्षणक्षेत्राचे आश्रयदाते ठरविले. शिक्षणाविषयीची त्यांची दृष्टी ज्या भांडणातून घडली, ते भांडण याच घरात झाले होते. म्हणून या घराचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हाला वाटते.

आरंभ अगदी साधा आहे. अ‍ॅडम डी ब्रोम हे राजदरबारच्या कचेरीतील एक धर्मगुरू आणि ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चचे प्रमुख. १३२४ साली त्यांनी एक लहानसे विद्यागृह काढण्याची परवानगी मिळविली, गावात दोन वास्तू विकत घेतल्या आणि दोनच वर्षांत सारे राजाच्या हवाली करून राजाच्याच नावे त्याची पुनर्स्थापना करविली. राजाश्रयाविना संस्था टिकत नाही, हे त्या चतुर गृहस्थांना पक्के ठाऊक होते. दैवयोग असा, की १३२७ साली तो राजाच पदच्युत होऊन मारला गेला. तरीही विद्यागृह तगले. नियमांप्रमाणे एक प्रमुख, म्हणजे प्रोव्होस्ट, आणि दहा फेलो एवढाच त्याचा पसारा होता. फेलो म्हणजे आजच्या अर्थाने नोकरदार प्राध्यापक नव्हेत. एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे, एकत्र प्रार्थना करणारे आणि मुख्यतः ईशज्ञानशास्त्राचा अभ्यास करणारे ते अविवाहित विद्वान होते. पदवीपूर्व विद्यार्थी या घरात आले ते सोळाव्या शतकात. सेंट मेरी चर्चचे उत्पन्न या घराला जोडून दिलेले होते आणि त्या चर्चचा धर्मगुरू नेमण्याचा अधिकारही घराकडेच आला. १३२८ साली तिसऱ्या एडवर्डने गावाबाहेरचे, काउली रस्त्याकडचे कुष्ठरोग्यांचे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय या घराच्या पदरात टाकले. गावात प्लेगची साथ आली, की विद्वान मंडळी तेथे जाऊन राहत. त्या रुग्णालयाचे छोटे चॅपेल आजही उभे आहे. ‘ला ओरिओल’ नावाचा एक वाडा १३२९ साली हाती आला, मंडळी तेथे राहावयास गेली आणि मरियेचे नाव दस्तऐवजात राहून वाड्याचे नाव लोकांच्या तोंडी बसले. आपल्याकडेही संतांची नावे दिलेली विद्यालये रस्त्याच्या किंवा बसथांब्याच्या नावानेच ओळखली जातात, तसेच हे.

सोळाव्या शतकात या घराला पहिला मोठा तडा गेला. लँकशर परगण्यातील विल्यम अ‍ॅलन हा तरुण १५४७ साली ओरिएलमध्ये दाखल झाला, १५५० साली फेलो झाला आणि १५५६ साली शेजारच्या सेंट मेरी हॉलचा प्रमुख झाला. तेव्हा मेरी ट्यूडर राणी होती आणि इंग्लंड काही काळापुरते पुन्हा रोमशी जोडले गेले होते. ही गोष्ट सांगताना एक नोंद केल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. याच राणीच्या काळात प्रोटेस्टंट आर्चबिशप क्रॅनमर यांना ओरिएलच्याच ताब्यातील सेंट मेरी चर्चमध्ये उभे केले गेले आणि २१ मार्च १५५६ रोजी तेथूनच नेऊन जिवंत जाळण्यात आले. हुतात्मे दोन्ही बाजूंनी झाले आहेत. दोन वर्षांनी राणी वारली, एलिझाबेथ गादीवर आली आणि राज्याच्या धर्मप्रमुखपदाची शपथ घेण्यास नकार देणाऱ्यांना विद्यापीठात जागा उरली नाही. अ‍ॅलन १५६१ साली देशाबाहेर गेले. २९ सप्टेंबर १५६८ रोजी त्यांनी दुए येथे इंग्रज तरुणांसाठी सेमिनरी काढली आणि पुढे १५७९ मध्ये रोमच्या इंग्लिश कॉलेजच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. दुएहून मायदेशी परतलेल्या शंभराहून अधिक धर्मगुरूंना फाशीच्या तख्ताला सामोरे जावे लागले. आम्ही ज्या पद्धतीच्या सेमिनरीत घडलो, ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितलेली पद्धत प्रारंभी ज्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविली, त्यांत ओरिएलचा हा निर्वासित फेलो होता. अ‍ॅलन १५८७ साली कार्डिनल झाले. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराला त्यांनी पाठिंबा दिला, ही गोष्ट मात्र त्यांच्या देशबांधवांनी कधीही विसरली नाही. पुढील शतकानुशतके कॅथलिक म्हणजे फितूर, या समजुतीला तिने खतपाणी घातले.

त्याच वर्षांत इंग्लंड सोडून रोमला गेलेला आणखी एक तरुण आपल्या परिचयाचा आहे. विल्टशरचे थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याच्या किनाऱ्याला लागले. स्वदेशात धर्मगुरू म्हणून उघडपणे वावरणे अशक्य झाले नसते, तर मराठी भाषेला १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ लाभले असते काय? उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. पण इंग्रजी विद्यापीठांचे बंद झालेले दरवाजे आणि आपल्या सालसेतचे उघडे दरवाजे एकाच काळातले आहेत, एवढे खरे.

ते दरवाजे पक्के बंद झाले १५८१ साली. त्या वर्षापासून ऑक्सफर्डमध्ये नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. कॅथलिकांना, तसेच इतर पंथीय प्रोटेस्टंटांना आणि ज्यूंना त्यामुळे विद्यापीठ वर्ज्य झाले. पदवीपुरती ही अट १८५४ साली सुटली आणि १८७१ च्या कायद्याने फेलोपदेही मोकळी झाली. मधल्या पावणेतीनशे वर्षांत मरियेच्या घरात मरियेच्या मध्यस्थीवर श्रद्धा ठेवणारा विद्यार्थी उघडपणे राहू शकत नव्हता. आणि तरीही १६२० ते १६४२ च्या दरम्यान घराची पुनर्बांधणी झाली, तेव्हा भोजनगृहाच्या पायऱ्यांवर दोन राजांचे पुतळे उभारून त्यांच्याही वर बाळ येशूसह पवित्र मरियेची मूर्ती बसविली गेली. सेंट मेरी चर्चच्या नव्या देवडीवर १६३७ साली अशीच मूर्ती बसविली, तेव्हा ती पुढे आर्चबिशप लॉड यांच्यावरील खटल्यात आरोपाचा एक पुरावा ठरली! दगडाची मरिया चालते, पण तिला नमस्कार केलेला चालत नाही, असा तो काळ.

अठरावे शतक आपण भरभर ओलांडू. ऑक्सफर्डमध्ये तेव्हा मद्य पुष्कळ आणि अभ्यास थोडा होता, असे त्या काळचेच लोक सांगतात. ओरिएलला त्या शतकात बिशप जोसेफ बटलर यांच्यासारखा तत्त्वज्ञ आणि पक्ष्या-प्राण्यांचा सूक्ष्म निरीक्षक गिल्बर्ट व्हाइट लाभले, एवढे नोंदवून पुढे जातो. शतक सरता सरता मात्र ओरिएलने एक शहाणपणाची गोष्ट केली. फेलो निवडताना नातेगोते, वशिला, किंबहुना विद्यापीठाच्या परीक्षेतील श्रेणीही बाजूस ठेवून ते स्वतःची वेगळी परीक्षा घेऊ लागले. उमेदवाराने किती पाठ केले आहे, यापेक्षा त्याला विचार करता येतो काय, हे त्या परीक्षेत पाहिले जाई. या एका सुधारणेने ओरिएल ऑक्सफर्डमध्ये अग्रस्थानी आले. प्रोव्होस्ट कोपल्स्टन, रिचर्ड व्हेटली, टॉमस आर्नल्ड, जॉन कीबल, एडवर्ड प्युसी अशी मंडळी येथल्या बैठकीत चहा घेत आणि परस्परांच्या विधानांची चिरफाड करीत.

या बैठकीत १२ एप्रिल १८२२ रोजी एक लाजाळू तरुण येऊन बसला. जॉन हेन्री न्यूमन तेव्हा एकवीस वर्षांचे होते. ट्रिनिटी महाविद्यालयातून पदवी घेताना अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती आणि परीक्षेत त्यांना अपेक्षेहून फारच खालची श्रेणी मिळाली होती. दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी त्यांच्या अर्जाकडे कोणी पाहिलेही नसते. निवडीची बातमी घेऊन प्रोव्होस्टचा सेवक त्यांच्या बिऱ्हाडी गेला, तेव्हा न्यूमन व्हायोलिन वाजवीत होते. बातमी ऐकून ते फक्त ‘बरे’ अशा अर्थाचे काही बोलले आणि वाजवीतच राहिले. आपण चुकीच्या माणसाकडे आलो की काय, अशी शंका त्या बिचाऱ्या सेवकाला आली. तो पायऱ्या उतरतो न उतरतो, तोच न्यूमन यांनी वाद्य खाली टाकले आणि ते धावत सुटले. ओरिएलमध्ये कीबल यांनी त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा भूमी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले. आयुष्यातील सर्वांत संस्मरणीय दिवस म्हणून ते पुढे या दिवसाचा उल्लेख करीत. परीक्षेने नापसंत केलेला हा मुलगा ज्या संस्थेने हेरला, तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

१८२६ साली न्यूमन ओरिएलचे ट्यूटर झाले. सेमिनरीत आम्हाला न्यूमन शिकविले गेले ते धर्मांतरित विद्वान म्हणून, ख्रिस्ती सिद्धान्तांच्या विकासाचे मीमांसक म्हणून. त्यांच्या ट्यूटरपणाची कथा आमच्या वाचनात फार उशिरा आली, आणि आमच्या मते ती त्यांच्या ग्रंथांइतकीच मोलाची आहे.

त्या काळी ओरिएलमध्ये सर्व विद्यार्थ्यांना सरसकट एकत्र बसवून ट्यूटर आळीपाळीने व्याख्याने देत. कोणता विद्यार्थी कोणाचा, याचा हिशेब नावापुरता होता. ज्यांना परीक्षेत यश हवे ते पदरचे पैसे मोजून बाहेर खासगी शिकवणी लावीत. (हा रोग आजचा नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.) श्रीमंत जमीनदारांचे पुत्र ज्यादा शुल्क भरत आणि त्या बदल्यात त्यांच्या आळसाकडे, दारूकडे काणाडोळा केला जाई. भरीस भर म्हणून विद्यार्थ्यांवर कम्युनियन घेण्याची सक्ती होती. सकाळी वेदीजवळ गुडघे टेकलेली मुले त्यानंतरच्या मेजवानीत नशेत झिंगत, हे पाहून न्यूमन यांचा जीव तळमळे. त्यांनी हा प्रश्न वरिष्ठांपुढे मांडला, तर त्यांना गप्प बसविण्यात आले.

न्यूमन यांचे म्हणणे असे होते : मी दीक्षित धर्मगुरू आहे आणि ट्यूटरही आहे, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. विद्यार्थी माझ्याकडे सोपविला म्हणजे तो आत्मा माझ्याकडे सोपविला. त्याचे वाचन, त्याची संगत, त्याचे आचरण आणि त्याची श्रद्धा यांबद्दल मला उत्तर द्यावयाचे आहे. म्हणून प्रत्येक ट्यूटरला स्वतःचे ठराविक विद्यार्थी असावेत, होतकरू मुलांना त्याने स्वतः अधिक वेळ द्यावा. विद्यापीठाचे जुने नियम तपासून त्यांतही या पदाला असा पालकत्वाचा अर्थ आहे, असे त्यांनी दाखवून दिले. रॉबर्ट विल्बरफोर्स आणि हरेल फ्राउड हे दोघे ट्यूटर त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

विरोध केला तो प्रोव्होस्ट एडवर्ड हॉकिन्स यांनी. यातील विलक्षण योगायोग पाहा. १८२८ साली प्रोव्होस्टची निवड झाली, तेव्हा कीबल आणि हॉकिन्स अशी दोन नावे पुढे होती आणि न्यूमन यांनी आपले वजन हॉकिन्स यांच्या पारड्यात टाकले होते. देवदूताची जागा भरावयाची असती, तर कीबल यांनाच निवडले असते, परंतु आपल्याला प्रोव्होस्ट हवा आहे, असे ते तेव्हा हसत म्हणाले होते. हॉकिन्स प्रोव्होस्ट झाल्यामुळे सेंट मेरी चर्चचे व्हिकारपद रिकामे झाले, ते न्यूमन यांना मिळाले. म्हणजे एकाच निवडणुकीने त्यांना व्यासपीठही दिले आणि प्रतिस्पर्धीही.

हॉकिन्स यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ते कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. ट्यूटरांनी आपापले लाडके विद्यार्थी निवडले, तर उरलेल्या सामान्य मुलांचे काय, ही त्यांची शंका रास्त होती. शिवाय धर्मप्रेरित तरुण शिक्षकाच्या हाती कोवळी मने संपूर्णपणे सोपविण्यातला धोका त्यांना दिसत होता. आज, विशेषतः गेल्या काही दशकांत ख्रिस्तसभेने जे पाहिले, भोगले आणि ज्याबद्दल क्षमा मागितली, त्यानंतर ही भीती आम्हाला उथळ वाटत नाही. तथापि हॉकिन्स यांचा उपाय कोरडा होता. १८३० पासून त्यांनी न्यूमन, फ्राउड आणि विल्बरफोर्स यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठविणे बंद केले. जुने विद्यार्थी एकेक करून शिकून गेले. १८३२ पर्यंत ओरिएलचा सर्वांत तळमळीचा शिक्षक विद्यार्थ्यांवाचून बसला.

पुढचे सारे त्या रिकामपणातून निघाले. न्यूमन फ्राउडसह भूमध्य समुद्राच्या प्रवासाला गेले, सिसिलीत तापाने मरता मरता वाचले आणि परतीच्या वाटेवर, जून १८३३ मध्ये, गलबतावर त्यांनी ‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत लिहिले. ते पुढे महात्मा गांधींच्या प्रार्थनेत आले आणि नरसिंहराव दिवेटिया यांनी ते गुजरातीत नेले. न्यूमन घरी पोहोचले ९ जुलै १८३३ रोजी. १४ जुलैला कीबल यांनी सेंट मेरीच्या व्यासपीठावरून राष्ट्राच्या धर्मत्यागावर प्रवचन केले आणि ऑक्सफर्ड चळवळ सुरू झाली. इंग्लंडची ख्रिस्तसभा सरकारचे खाते नाही, ती प्रेषितांपासून चालत आलेली सभा आहे, हा तिचा आशय. ओरिएलच्या भोजनगृहातून ज्यांना दूर केले, ते सर्व आता रविवारी दुपारी चार वाजता सेंट मेरीत न्यूमन यांचे प्रवचन ऐकू लागले. काही महाविद्यालयांनी तर विद्यार्थ्यांनी तिकडे जाऊ नये म्हणून जेवणाची वेळ बदलली. बारा वर्षांच्या अभ्यासाने आणि प्रार्थनेने न्यूमन ज्या दाराशी आले, ते दार रोमचे होते. ३ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी ओरिएलच्या फेलोपदाचा राजीनामा पाठविला. ९ ऑक्टोबरला लिटलमोर येथे, पावसात चिंब भिजून आलेल्या फादर डॉमिनिक बार्बेरी या इटालियन संन्याशाने त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत घेतले. पुढील फेब्रुवारीत ते ऑक्सफर्डहून निघाले, ते परत तेथे पाऊल ठेवण्यास १८७८ साल उजाडले. तेव्हाही सन्मानाने बोलावले ते त्यांच्या पहिल्या विद्यालयाने, ट्रिनिटीने. हॉकिन्स तेव्हाही ओरिएलचे प्रोव्होस्ट होते. १८८२ साली मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले.

गेलेल्यांची कथा आपण आवडीने सांगतो, पण जे राहिले त्यांचे एक टोक आपल्या पुण्यापर्यंत येते. कीबल आणि प्युसी अँग्लिकनच राहिले. प्युसी यांच्या प्रभावातील रिचर्ड बेन्सन यांनी १८६६ साली ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे एक धर्मसंघ काढला. वाँटेज गावी १८४८ पासून भगिनींचा संघ होताच. हे काउली फादर आणि वाँटेज भगिनी पुण्यात आले आणि पंचहौद मिशन उभे राहिले. तेथील पवित्र नामाच्या देवालयाचा उंच मनोरा आजही गुरुवार पेठेत दिसतो. १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि गोखले प्रभृतींनी जेथे चहा घेतला आणि ग्रामण्य ओढवून घेतले, ते हेच मिशन. नीलकंठशास्त्री गोरे म्हणजेच फादर नेहेम्या गोरे काउलीत राहून आले होते. पंडिता रमाबाई वाँटेजच्या भगिनींकडे गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोरे यांच्या पत्रव्यवहाराचाही हात होता. ओरिएलच्या चहाच्या बैठकीतून निघालेली वाट पुण्याच्या चहापर्यंत आली, असे विनोदाने म्हणता येईल.

आता शिक्षणाच्या मुद्द्याकडे वळू. आयर्लंडच्या बिशपांनी न्यूमन यांना डब्लिन येथे कॅथलिक विद्यापीठ उभारण्यास बोलावले. १८५२ साली त्यांनी तेथे जी व्याख्याने दिली, त्यांतूनच ‘द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात त्यांनी एक धाडसी तुलना केली आहे. एक विद्यापीठ असे, की जे निवास आणि ट्यूटर यांची पर्वा न करता परीक्षेत उत्तीर्ण होईल त्याला पदवी देते. दुसरे असे, की जे काहीही न शिकविता, परीक्षाही न घेता तरुणांना तीन-चार वर्षे केवळ एकत्र राहू देते. या दोहोंत बुद्धीचे खरे शिक्षण कोठे होईल, असे विचाराल तर मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन, असे ते म्हणतात. यात अतिशयोक्ती आहेच. पण ओरिएलमध्ये विद्यार्थी हिरावून घेतलेल्या शिक्षकाचे ते उद्गार आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांतील दुःख कळते. प्राध्यापकांच्या व्याख्यानांनी विद्यापीठ अस्तित्वात येते, परंतु त्याचे आरोग्य महाविद्यालयातील सहवासावर अवलंबून असते, ही त्यांची शिकवण होती.

या व्याख्यानांनंतर पाचच वर्षांनी, १८५७ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे नेमकी न्यूमन यांच्या पहिल्या प्रकारातली. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी आणि शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी सांभाळावे. या पद्धतीने गरिबाच्या मुलाला पदवीचे दार उघडले, हे तिचे ऋण आपण कोणीही नाकारू नये; ऑक्सफर्डचा खर्च आपल्यातील किती जणांना पेलला असता? परंतु दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी पालक आमच्या कार्यालयात रांग लावतात. टक्के किती, यादी कितीला बंद झाली, अल्पसंख्याकांच्या कोट्यात किती जागा उरल्या, याची चर्चा होते. मुलाला तेथे कोण ओळखेल, तो आठ दिवस वर्गात आला नाही तर ते कोणाच्या लक्षात येईल, हा प्रश्न इतक्या वर्षांत क्वचितच कोणी केला आहे. आणि कॅथलिक व्यवस्थापन असलेल्या महाविद्यालयांनीही तो स्वतःला किती वेळा विचारला आहे?

कॅथलिकांनी या बाबतीत फार ताठ मान ठेवण्याचे कारण नाही. १८६० च्या दशकात न्यूमन यांनी ऑक्सफर्डमध्ये कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी धर्मगृह काढण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो आपल्याच वरिष्ठांच्या विरोधाने बारगळला. दार कायद्याने उघडल्यावरही मुलांची श्रद्धा डळमळेल, या भीतीने बिशपांनी त्यांना तेथे जाण्यास मनाई केली होती. ती मनाई १८९५ साली उठली आणि १८९६ साली येशूसंघीयांचे विद्यागृह ऑक्सफर्डमध्ये सुरू झाले, ज्याला आज कॅम्पियन हॉल म्हणतात. न्यूमन तोपर्यंत निवर्तले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ओरिएलच्या अंगावर नवा वर्ख चढला. हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला साम्राज्यवादी सेसिल रोड्स हा येथला विद्यार्थी. १९०२ साली मरताना त्याने विद्यालयाला एक लाख पौंड ठेवले. त्याच वर्षी अ‍ॅलन ज्याचे प्रमुख होते तो सेंट मेरी हॉल ओरिएलमध्ये विलीन झाला. रोड्सच्या पैशांतून १९११ साली हाय स्ट्रीटवर जी इमारत उभी राहिली, तिच्या माथ्यावर त्याचा पुतळा बसला. आफ्रिकेतील काळ्या जनतेच्या जमिनी आणि हक्क ज्याने पायदळी तुडविले, त्याचा पुतळा हटवा, अशी मागणी २०१५ पासून जोरात उठली. जून २०२० मध्ये विद्यालयाच्या नियामक मंडळाने तो हटविण्याची इच्छा ठरावाने व्यक्त केली. मे २०२१ मध्ये खर्च आणि कायदेशीर अडचणी यांचे कारण देऊन तो तेथेच ठेवण्याचे ठरले आणि त्याच वर्षी खुलाशाची पाटी लावण्यात आली. दोन्ही पक्षांना तो निर्णय कडूच लागला. देणगीदाराचे नाव भिंतीवर कोरण्यापूर्वी पैसा कोठून आला, हे विचारण्याची पद्धत आपल्या धर्मग्रामांतही फारशी रुळलेली नाही, तेव्हा आम्ही येथे अधिक बोलत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे मरियेचे घर सर्वांत मागे राहिले. पहिल्या महायुद्धात सॉमरव्हिल या स्त्रियांच्या विद्यालयाची इमारत लष्करी रुग्णालयासाठी घेतली गेली. आपल्या नाशिकच्या कोर्नेलिया सोराबजी ज्या विद्यालयात शिकल्या, ते हेच. तेथील विद्यार्थिनींना १९१५ पासून ओरिएलच्या सेंट मेरी हॉलच्या चौकात जागा देण्यात आली आणि मध्ये भिंत घालण्यात आली. युद्धावरून परतलेल्या उनाड विद्यार्थ्यांनी जून १९१९ मधल्या एका रात्री त्या भिंतीला भगदाड पाडले. सॉमरव्हिलच्या प्राचार्या आणि शिक्षिकांनी ते भगदाड राखत रात्र काढली. भिंत रीतसर पडली १९८५ साली, जेव्हा ओरिएलमध्ये विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. ऑक्सफर्डच्या पुरुषांच्या विद्यालयांत हे सर्वांत शेवटचे. तोवर मरियेच्या घरात मरियेच्या लेकींना सहाशे एकोणसाठ वर्षे थांबावे लागले.

आज तेथे तीनशेहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थी आणि त्यांखेरीज संशोधक शिकतात. वर्षात तीन सत्रे, प्रत्येक आठ आठवड्यांचे. भौतिकशास्त्रापासून ईशज्ञानशास्त्रापर्यंत बहुतेक विषयांत विद्यार्थ्याने आठवडाभर वाचून निबंध लिहावा किंवा गणिते सोडवावीत आणि ट्यूटरपुढे एकट्याने, नाहीतर दोघा-तिघांनी बसून त्यांचे समर्थन करावे, हा क्रम चालतो. तासभर सुटका नसते. अभ्यास केला नसेल, तर लपण्यास मागचा बाक नाही. हॉकिन्स यांनी जे नाकारले ते पुढील दोन पिढ्यांत सगळ्या ऑक्सफर्डने स्वीकारले. त्याचे सारे श्रेय एकट्या न्यूमन यांना देणे बरोबर नाही, कारण इतर विद्यालयांनीही ते घडविले. पण आत्म्याच्या जबाबदारीचा जो भाग न्यूमन यांना मुख्य वाटत होता, तो आता ट्यूटरकडे नाही. तो चॅप्लन, डॉक्टर आणि समुपदेशक यांच्यात वाटला गेला आहे. विद्यार्थी कोणत्याही धर्माचे किंवा कोणताही धर्म न मानणारे असतात, आणि ते योग्यच आहे. चॅपेलमध्ये अँग्लिकन पद्धतीची सायंप्रार्थना गाइली जाते. कॅथलिक मुले रविवारी सेंट ओल्डेट्स रस्त्यालगतच्या कॅथलिक चॅप्लनसीत मिस्सेला जातात.

त्या चॅपेलच्या प्रवेशदारावर एक लहानशी खोली आहे. पूर्वी ती वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा भाग होती. व्हेटली तेथे राहत, तेव्हा ते तिच्यात खाण्यापिण्याचा साठा ठेवीत, असे सांगतात. नंतर ते बिऱ्हाड न्यूमन यांच्याकडे आले आणि ते त्याच खोलीत एकान्तात प्रार्थना करीत, असेही सांगतात. १८८० च्या दशकात चॅपेलमध्ये ऑर्गन आला, तेव्हा तिच्यात ऑर्गनला हवा पुरविणारा भाता बसविला गेला आणि सुमारे शंभर वर्षे ती जागा त्याच कामी राहिली. आता तेथे न्यूमन यांच्या स्मरणार्थ प्रार्थनास्थान आहे.